घाम पुसणारा बेडूक

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एक पोलीसबाई आमच्या घरी बेडूक घेऊन आल्या.

बेडूक कागदावर होता. पेन्सिलीनं काढलेला, जरा घाईत. एका हातात रुमाल, कपाळावर घामाचे तीन थेंब, चेहऱ्यावर आपण कुणाला त्रास देतोय याचं दुःख. बाईंनी तो खाली शेगडी असलेल्या, रजई घातलेल्या टेबलावर ठेवला, पाय रजईखाली सरकवले आणि हा ओळखीचा आहे का, असं विचारलं.

मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? हा बेडूक माझ्या बायकोनं, फुमिएनं काढलेला. हिनोकिदाई वस्तीच्या कचरा समितीचा तो अधिकृत बेडूक आणि मी त्या समितीचा सात वर्षं प्रमुख. त्याआधी चाळीस वर्षं माझं साकेचं, म्हणजे तांदळाच्या दारूचं दुकान होतं. हमरस्त्यावर मोठा बाजार आला आणि दुकान बसलं. चाळीस वर्षं लोकांना हे घ्या, ते नको, असं सांगत आलेला माणूस एकदम गप्प कसा बसणार? म्हणून रहिवासी मंडळानं मला कचरा दिला.

आमच्याकडे सोमवारी आणि गुरुवारी जळणारा कचरा, मंगळवारी प्लास्टिक, महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी रद्दी. पिशवी पारदर्शक, वर घराचा नंबर. चुकीची पिशवी गाडीवाले उचलत नाहीत. इतर वस्त्यांत ती तिथंच कावळ्यांसाठी पडून राहते. आम्ही तसे नाही. आम्ही पिशवीवर पिवळा स्टिकर लावतो आणि ती ज्याची त्याच्या दाराशी नेऊन ठेवतो. पूर्वी स्टिकरवर नुसतं ‘वर्गीकरण चुकलं आहे’ एवढंच होतं. ते वाचून एक-दोघी रडल्या. मग सौम्यपणा यावा म्हणून बेडूक घेतला. त्यानं रडावं की नुसता घाम पुसावा यावर मंडळाच्या तीन बैठका झाल्या. आमचे अध्यक्ष ओगिवारासान हे निवृत्त मुख्याध्यापक. घाम पुरेसा आहे, असा निर्णय त्यांनी दिला.

पोलीसबाईंचं नाव मिझोगुची. चाळिशीच्या, तोंडावर मास्क, सर्दीनं हैराण. प्रांताच्या मुख्यालयातून आल्या होत्या.

“या बेडकापायी मी एकतीस गावं फिरले, इवासेसान,” त्या म्हणाल्या. “कुणाच्या स्टिकरवर मांजर, कुणाच्या स्टिकरवर रॅकून. घाम पुसणारा बेडूक कुठंच नाही.”

मला अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू? साधारण दीड मिनिट मला फार अभिमान वाटला. ते दीड मिनिट मला अजून आठवतं.

मग त्यांनी बेडूक कुणी काढला ते सांगितलं. जानेवारीच्या मध्यावर, इथून नव्वद किलोमीटरवरच्या एका पेट्रोल पंपावर एक थाई बाई अनवाणी पळत आली. तिचं नाव ओरावान. हॉटेलात काम देतो म्हणून तिला आणलं होतं. विमानतळावरच पासपोर्ट काढून घेतला. त्यानंतर चौदा महिने एका घरात पाच जणी, दाराला बाहेरून कडी. संध्याकाळी पडदे लावलेल्या गाडीतून हमरस्त्यावरच्या बारमध्ये न्यायचे, पहाटे परत आणायचे. बारमध्ये काय करायचं होतं ते मिझोगुचीसान बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही. ते घर कुठल्या गावात, ते ओरावानला सांगता येईना. तिला एकच गोष्ट नेमकी आठवत होती, ती तिनं काढून दिली.

उरलेल्या चौघींचा पत्ता नव्हता. त्यातल्या लम्दुआनला आधी शोधा, असं ओरावान दर भेटीत हात जोडून सांगत होती.

“तिलाच आधी का?” मी विचारलं.

“पत्रं तिनं लिहिली होती म्हणून. आणि ते मालकाला कळलं होतं.”

“कसली पत्रं?”

“कचऱ्यात घालायची ती. घरातून बाहेर जाणारी दुसरी वस्तूच नव्हती ना.”

तेव्हा मला घर कळलं. मी उठलो आणि समितीची वही आणायला आतल्या खोलीत गेलो. चार पावलांची वाट. तेवढ्यात, वही हरवलेली असती तर बरं, असं माझ्या मनात येऊन गेलं. पण माझ्या हातून वह्या हरवत नाहीत. ती जागच्या जागी होती.

घर नंबर सत्तावीस, उसुई. उसुईसान म्हणजे पन्नाशीचे, अंगानं बारीक, बोलायला मृदू. घरात जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यातल्या शिकाऊ मुली राहतात, रात्रपाळी असते म्हणून दिवसा दिसत नाहीत, असं त्यांनी आल्या आल्याच सगळ्यांना सांगितलं होतं. गल्लीतला बर्फ ते स्वतःच्या दारापुढचा काढायचेच, पण शेजारच्या म्हातारीच्या दारापुढचाही काढायचे. वर्षातून दोनदा सगळी वस्ती मिळून गटारं साफ करते, त्याला ते कधी चुकले नाहीत. आमच्या वस्तीत माणसाची पारख गटारापाशी होते. अशी पारख करणारी आम्ही एकशे बारा कुटुंबं होतो.

वहीतल्या नोंदी माझ्याच अक्षरातल्या. सात ऑक्टोबर, मंगळवार: प्लास्टिकच्या पिशवीत कागद. स्टिकर, पिशवी परत. चौदा ऑक्टोबर: तेच. एकवीस ऑक्टोबर: तेच. कागद पिशवीच्या तळाशी होता, आतून चिकटवलेला, अक्षरं बाहेर. पिशवी आडवी केली की काचेच्या कपाटात मांडल्यासारखा दिसायचा. लिपी परदेशी. मला वाटलं स्वयंपाकाची कृती असेल, नाहीतर प्रार्थना.

“काढून पाहिला नाहीत?” मिझोगुचीसाननी विचारलं.

मी म्हणालो की दुसऱ्याचा कागद वाचणं बरं दिसत नाही.

“पण पिशवी उघडली होतीत.”

“वर्गीकरणापुरती.”

त्यांनी नाक पुसलं आणि ते लिहून घेतलं.

कागद बघायला मिळता तर, असं त्या पुटपुटल्या, तेव्हा फुमिए चहा ओतत होती. हात न थांबवता ती म्हणाली, “अहो, तो फलकावर आहे ना.”

तीनदा चूक झाली की पिशवीचा फोटो काढून सूचनाफलकावर लावायची कल्पना ओगिवारासानांची. फोटोच्या वर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात ‘चुकीचं उदाहरण’ असं लिहिलं होतं. घराचा नंबर झाकला होता, कुणाचा अपमान व्हायला नको. ऑक्टोबरच्या अखेरीपासून तो फोटो तिथं होता, हरवलेल्या मांजराची जाहिरात आणि गटारसफाईचं वेळापत्रक यांच्या मधोमध. वस्तीतला प्रत्येक माणूस दिवसातून दोनदा त्याच्यासमोरून जात होता. मांजर नोव्हेंबरातच सापडलं होतं.

मिझोगुचीसान फलकापाशी गेल्या. मग त्यांनी फोटोचा फोटो काढून मुख्यालयातल्या दुभाषीबाईंना पाठवला. दहा मिनिटांत फोन आला. त्या तिथंच पायरीवर बसून मजकूर उतरवून घेत होत्या, मी मांजराकडे बघत होतो. फोन संपल्यावर त्यांनी मला तो वाचून दाखवला.

“आम्ही पाच जणी आहोत. दार बाहेरून बंद असतं. गावाचं नाव माहीत नाही. खिडकीतून पाण्याची टाकी दिसते, शाळेची घंटा ऐकू येते. हे पोलिसांना द्या. आमच्या घरी कळवू नका. माझं नाव लम्दुआन.”

पाण्याची टाकी आमच्या डोक्यावरच होती. तेवढ्यात शाळेची घंटाही झाली.

सत्तावीस नंबरच्या घरमालकीणबाई दुसऱ्या गावात राहतात, त्यांनी किल्ली पाठवली. ओरावान पळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी उसुई घर सोडून गेला होता. जाताना त्यानं शेजारच्या म्हातारीला टॉवेलची जोडी दिली, इतके दिवस त्रास दिला म्हणून. घर स्वच्छ होतं. स्वयंपाकघरात कचऱ्याचे चार डबे ओळीनं मांडलेले, चारी रिकामे आणि धुतलेले. भिंतीवर समितीचं चित्रांचं पत्रक चिकटवलेलं. कुठल्या वारी काय, ते त्यात चित्रांनीच सांगितलंय. असं घर मी सात वर्षांत पाहिलं नव्हतं. सवय वाईट असते. माझ्या मनात आधी शाबासकीच आली.

वरच्या खोलीत अंथरुणांचं कपाट होतं. मिझोगुचीसाननी सरकतं दार बाजूला केलं, आत विजेरी मारली आणि मला बोलावलं. कपाटाच्या आतल्या भिंतीवर, अंथरुणामागे झाकले जातील अशा उंचीवर, तीन पिवळे बेडूक ओळीनं चिकटवलेले होते. तिघेही घाम पुसत होते.

मी म्हणालो, आमचे स्टिकर इतके नीट सहसा निघत नाहीत, फाटतात.

“नखानं हळूहळू काढले होते म्हणे,” त्या म्हणाल्या. “पिशवी परत आली की उसुईनं ठेवलेला राखणदार ती उघडूनही बघायचा नाही, नीट लावा म्हणून आत फेकायचा. या उघडायच्या. पत्र जिथल्या तिथं, आणि वर हा. यांना जपानी वाचता येत नव्हतं. यांना वाटलं, हे उत्तर आहे.”

मी वाकून पुन्हा बेडूक पाहिले. त्या पुढं सांगत होत्या.

“कुणीतरी वाचलंय, आणि बेडूक म्हणजे काहीतरी खूण आहे. घाम पुसतोय म्हणजे प्रयत्न चाललाय, असं लम्दुआनचं म्हणणं. ओरावानचं म्हणणं, तो रडतोय. यावर त्यांची भांडणंसुद्धा झाली.”

आमच्याही तीन बैठका झाल्या होत्या, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मिझोगुचीसान कपाटासमोर उकिडव्या बसल्या होत्या. बेडकांवर विजेरी तशीच ठेवून त्या म्हणाल्या, “प्लास्टिकच्या पिशवीतली ओरावान चार पत्रं सांगते. बेडूक तीनच आहेत. चौथं पत्र कुठं गेलं, इवासेसान?”

वहीत ते होतं. चार नोव्हेंबर, मंगळवार. पण मी वही घरी ठेवून आलो होतो आणि तोंडानं सांगणं भाग होतं.

“चौथं मी दिलं.”

“कुणाला?”

“उसुईसानांना. हातात.” सवयीनं मी अजून सान लावत होतो. “तीनदा स्टिकर लावून फरक पडला नाही, म्हणून मी स्वतः गेलो. पत्रक नेलं. पिशवी आडवी धरली आणि बोट ठेवून दाखवलं, की हा कागद. हा इथं नको. याचा वार वेगळा.”

त्यांनी विजेरी बंद केली.

उसुईनं तेव्हा तीनदा वाकून माफी मागितली होती. त्याला फार लाज वाटतेय असं मला वाटलं, आणि मी त्याला म्हणालो होतो, अहो, होतं असं, मुली परदेशी आहेत, समजावून सांगा. त्यानं, समजावतो, असं म्हटलं. दुसऱ्या दिवशी चेस्टनटच्या वड्यांचा डबा आला. फुमिएनं आणि मी तो तीन दिवसांत संपवला.

बाहेर आल्यावर मिझोगुचीसान गाडीच्या दाराशी थांबल्या. सांगू की नको असं त्यांचं चाललं होतं. मग त्यांनी सांगितलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका संध्याकाळी उसुईनं सगळ्यांना स्वयंपाकघरात उभं केलं, कुणी लिहिलं ते विचारलं, आणि लम्दुआनचा उजवा हात दाराच्या फटीत ठेवून दार लावलं. दोनदा. डॉक्टर वगैरे काही नाही. तिनं फळकुटाचा तुकडा बांधला. मग त्यानं ते पत्रक भिंतीवर लावलं आणि यापुढे घरातली एकही पिशवी परत येता कामा नये, असं बजावलं.

एकही आली नाही. नोव्हेंबरच्या वस्तीपत्रिकेत मी सत्तावीस नंबरचं कौतुक छापलं होतं.

खरं म्हणजे कौतुक गाठीचं होतं. चाळीस वर्षं मी साकेच्या बाटल्या सुतळीनं बांधून दिल्या आहेत, दोन-दोन, हातात धरायला फासा ठेवून. गाठीकडे माझं लक्ष जातंच. बारा नोव्हेंबरला, रद्दीच्या बुधवारी, सत्तावीस नंबरचा पहिला गठ्ठा आला. कडेला कडा जुळवलेल्या, सुतळी आडवी-उभी, आणि गाठ उलटी, म्हणजे डावखुऱ्या माणसाची. पण काय घट्ट! घरात कुणीतरी डावखुरी, नीटनेटकी मुलगी आहे, असं वाटून मला बरं वाटलं. वहीत तशी नोंद आहे: ‘गठ्ठा आदर्श. गाठ डावी. सुतळी किंचित ओली, दंव.’ डिसेंबरात तसाच गठ्ठा, जानेवारीत तसाच. ट्रकमध्ये मी ते स्वतःच्या हातानं चढवले, दुसऱ्या कुणी फेकू नयेत म्हणून.

हे मी मिझोगुचीसानांना सांगितलं तेव्हा त्या ओरावानला भेटायला गेल्या आणि दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. तिन्ही गठ्ठ्यांत, वर्तमानपत्रांच्या घड्यांत, डाव्या हातानं लिहिलेली पत्रं होती. लम्दुआननं भिंतीवरच्या पत्रकातली चित्रं पाहून कागदाचा वार शोधून काढला होता. ती ओरावानला म्हणाली होती, आपलं आधी चुकत होतं, आता नियम कळला, आता पोचेल.

मिझोगुचीसान कागद गिरणीतही जाऊन आल्या. तिथं रद्दी चार दिवसांत लगदा होते. रद्दीच्या बदल्यात गिरणी वर्षातून दोनदा वस्तीला शौचालयाच्या कागदाच्या गुंडाळ्या देते. डिसेंबरच्या शेवटी घरटी चार वाटल्या होत्या, आणि घरोघरी नेऊन देणारा मीच. आमच्या चारांतली एक त्या दिवशी शिल्लक होती. फुमिएनं ती उचलली आणि देवघराच्या खालच्या खणात ठेवली. ती अजून तिथं आहे. त्यावर आम्ही दोघं बोलत नाही.

ओगिवारासाननी मंडळाची तातडीची बैठक बोलावली. सगळी कागदपत्रं तपासून त्यांनी असा निष्कर्ष काढला की समितीनं नियमाबाहेर काहीही केलेलं नाही. ते खरंच होतं. मी वही तीनदा वाचून पाहिली आहे, एकही चूक सापडत नाही. फलकावरचा फोटो त्यांनी रात्रीतून काढून टाकला. तिथं आता फोटोएवढी जागा रिकामी आहे आणि चार पिनांची भोकं.

उसुई हे नाव खोटं निघालं. गाडी विकलेली सापडली. एप्रिलमध्ये चौघींपैकी दोघी पार दक्षिणेकडच्या एका बंदरात सापडल्या. लम्दुआनला फेब्रुवारीतच दुसऱ्या माणसाकडे दिलं, एवढंच त्या सांगू शकल्या. हात मोडलेली बाई बारमध्ये चालत नाही, पण घरकामाला चालते, असं तो माणूस म्हणाला होता. त्याचं घर याच प्रांतात कुठंतरी. चौथीचं कुणी सांगितलं नाही.

मिझोगुचीसानांची पुढं बदली झाली. दर नववर्षाला त्यांचं कार्ड येतं. छापील शुभेच्छा, त्याखाली पेनानं दोन शब्द: ‘अजून नाही.’ पाच कार्डं झाली.

मी समिती सोडली. आता दर बुधवारी पहाटे सायकल काढतो. आमची रद्दी दुसऱ्या बुधवारी, पलीकडच्या गावाची पहिल्या, नदीपलीकडची तिसऱ्या आणि चौथ्या, असे सगळे बुधवार भरतात. गठ्ठ्यांच्या ढिगापाशी बसायचं आणि गाठी बघायच्या. सरळ गाठी सोडून द्यायच्या. डावी दिसली की उकलायची, एकेक घडी चाळायची आणि होती तशी पुन्हा बांधायची. डावी गाठ उजव्या हातानं बांधायला मला तीन महिने शिकावं लागलं. तक्रारी झाल्या. दुसऱ्याची रद्दी वाचणारा म्हातारा म्हणून तीन गावांच्या फलकांवर माझं वर्णन लागलंय. एका ठिकाणी तर माझ्या सायकलला स्टिकर लावला होता, त्यांच्यात कासव आहे.

गेल्या मार्चमध्ये नदीपलीकडे एका ढिगात मला ती गाठ दिसली. डावी, घट्ट, आडवी-उभी सुतळी. गठ्ठ्यावर घराचा नंबर होता. मी न चाळताच तो उचलला, घर शोधलं आणि घंटी वाजवली.

दार एका नव्वदीच्या म्हाताऱ्यानं उघडलं. नाव हाचियासान, घरात एकटेच. मी गाठ दाखवून, ही कुणी बांधली, असं विचारल्यावर त्यांनी डावा हात वर केला. शाळेत मास्तरांनी पट्ट्या मारून मारून उजव्या हातानं लिहायला लावलं, म्हणाले, पण गाठ काही सुधारली नाही. इतक्या वर्षांत ती कुणाच्या लक्षात आल्याचं त्यांना आठवत नव्हतं. ते इतके खूश झाले की मला आत बसवून चहा केला.

मग, शोधताय कुणाला, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांना पुष्कळ वेळ लागला ऐकायला, कारण एक कान गेलेला होता आणि काही गोष्टी मला दोनदा सांगाव्या लागल्या. चौथं पत्रही मी दोनदा सांगितलं.

हाचियासाननी गठ्ठा मांडीवर घेतला आणि गाठीवरून अंगठा फिरवला.

“ती मूळची डावखुरी नव्हती ना?”

“नव्हती.”

“मग अशी घट्ट नाही यायची. एक टोक दाबून धरायला दुसरा हात लागतो. एका हातानं, तेही चुकीच्या, सैलच येते. तुम्ही घट्ट होती म्हणता?”

“फार घट्ट होती.”

“मग तिनं दातात धरून ओढली असणार,” ते म्हणाले. “सुतळी ओली होती का?”

मी कप खाली ठेवला. चहा गार व्हायला लागला होता.

“ओली होती,” मी म्हणालो. “मी दंव लिहिलं.”

त्यांना ते ऐकू गेलं नसावं, कारण त्यांनी मान हलवून आणखी चहा विचारला. मी नको म्हणालो. साडेआठला ट्रक येतो, आणि नदीकाठचे दोन ढीग अजून बघायचे राहिले होते.